मोड आणि घडणावळ

घासणं आणि घसारा हे एकाच कुळातले शब्द आहेत. बँकेत ३४ वर्षं काढल्यामुळे दुसरा माझ्या अधिक सवयीचा. पहिला बायकांच्या वाट्याला न मागता येतो. आयकराच्या हिशेबात सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर घटत्या शिल्लकेनं वर्षाला १५ टक्के घसारा धरतात. आमचा डिशवॉशर २०२० साली ३८,००० रुपयांना घेतलेला. घरच्या वस्तूला हा नियम लागत नाही, पण हाताची सवय जात नाही. कागदावर मांडून पाहिलं, तर पाच वर्षांनंतरची किंमत निघाली १६,८६१ रुपये. दुकानातला विक्रेता ‘एक्स्चेंज’मध्ये त्याचे २,००० द्यायला तयार होता. भंगारवाला ७०० म्हणाला, आणि खाली उतरवायला दोन माणसं लागतील, ती तुमची, असंही म्हणाला. एकाच वस्तूच्या तीन किमती माझ्यासमोर होत्या, आणि ती दुरुस्त करावी की नवी आणावी, याबद्दल तिघींपैकी एकही काही बोलत नव्हती.

बंद म्हणजे यंत्र अगदी बंद नव्हतं. पाणी घ्यायचं, फिरायचं, पाणी सोडायचं, शेवटी शिटीही द्यायचं. फक्त पाणी तापत नव्हतं. हे यंत्र भांडी घासत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आत ना काथ्या, ना ब्रश. फिरत्या हातांमधून गरम पाण्याचे फवारे मारायचे आणि साबणातल्या क्षारानं तेलतूप सोडवायचं, एवढंच त्याचं तंत्र. उष्णता गेली की उरतं ते भांड्यांना घातलेलं अंघोळीचं थंड पाणी. ताटांवर तुपाचा पांढरा थर तसाच.

कंपनीचा तंत्रज्ञ आला. तरुण, नम्र, घाईत. पडद्यावर आलेला आकडा त्यानं मोबाइलमधल्या यादीशी जुळवून पाहिला आणि हीटर गेला आहे, असं सांगितलं. जुन्या यंत्रांत हीटरची कांडी तळाशी वेगळी असायची; ती एकटी बदलता यायची. आता बऱ्याच यंत्रांत हीटर पाणी फिरवणाऱ्या पंपातच बसवलेला असतो. पंप ठणठणीत असला तरी हीटर गेल्यावर सगळा जोडच बदलायचा. खर्च १३,८०० रुपये, हमी तीन महिन्यांची. आणि मग स्वतःहूनच म्हणाला, “मॅडम, पाच वर्षं झाली. उद्या दुसरं काही जाईल. नवीनच घ्या.” नवीन ४४,०००ला होतं.

अशा वेळी एक ठोकताळा सांगितला जातो: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल, तर नवं घ्यावं. बँकेतल्या माणसाला असे ठोकताळे आवडतात, मलाही आवडतात. पण हा ठोकताळा फक्त एका खिशाकडे बघतो. जुन्याचं पुढे काय होणार, दुरुस्त करणाऱ्याला काय मिळणार, नवं इतक्या किमतीत कसं बसलं, यांतलं काहीच त्याच्या रकान्यांत नाही. आमच्या घरी जुन्याच्या बदल्यात नवं घेण्याचा एक हिशेब लहानपणी पाहिलेला होता, त्यात निदान रकाने अधिक होते.

आई पुण्याची. पाणी तापवायचा तांब्याचा बंब गळायला लागला, की तो आधी तांबट आळीत जायचा, भोक झाळून परत यायचा. असा दोनतीनदा झाळला, पत्रा विरला, की ‘आता याच्यात राम नाही’ असं ठरायचं आणि तो मोडीत निघायचा. मोडीत निघणं म्हणजे फेकला जाणं नव्हे. तराजूत तो तोलला जायचा. मळ, झाळ, जळालेला भाग यांची घट वजा व्हायची. उरलेल्या तांब्याचा भाव धरला जायचा. मग नवं भांडं तोललं जायचं, वरच्या वजनाचे पैसे आणि शेवटी घडणावळ. घडणावळ वेगळी, ठळक, मोठ्यानं सांगितलेली असायची, आणि आई घासाघीस करायची ती नेमकी तिच्यावरच, तांब्याच्या भावावर नाही, हेही नोंदवून ठेवते. पण तिला हे लख्ख माहीत असायचं, की धातू आपलाच आहे, आपण माणसाच्या हाताचे पैसे देतो आहोत. जुन्यावर कोरलेलं आजीचं नाव तेवढं जायचं. ते पुन्हा घालून घ्यायला पैसे पडायचे, आणि आईनं प्रत्येक वेळी घातलं असं नाही.

बोहारणीचा व्यवहारही याच जातीचा. जुनी जरीची साडी आणि दोन पँटी देऊन स्टीलचं पातेलं घ्यायचं. दारात तासभर वाद चालायचा. साडी कुणीतरी नेसणार, पँट कुणीतरी घालणार, जर वेगळी काढली जाणार, हे देणारीला आणि घेणारीला ठाऊक असायचं. आजची ‘एक्स्चेंज ऑफर’ वरून तशीच दिसते. पण माझा जुना डिशवॉशर कुठे जाणार, असं मी विक्रेत्याला विचारलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “ते आमच्याकडे सोडा, मॅडम.” त्या वाक्यात सोय आहे, आणि २,००० रुपये बहुधा त्या सोयीबद्दल मी त्याला द्यायला हवे होते, त्यानं मला नव्हे.

कायदा या बाबतीत गप्प नाही. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि वस्तू बनवणाऱ्यावर तिच्या शेवटाचीही जबाबदारी टाकतात. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रं आहेत. तरी दिल्लीच्या सीलमपूरमध्ये उघड्या हातांनी सर्किट बोर्ड सोलणारी माणसंही आहेत. लिफ्टमधून उतरलेलं माझं यंत्र यांतल्या कुठल्या वाटेनं जाईल, याचं उत्तर मला पावतीवर मिळणार नव्हतं. तांबं पुन्हा तांबं व्हायचं, कारण त्याला भाव होता. इथे पोलाद, तांब्याच्या तारा, प्लॅस्टिक, रबर, सर्किट हे सगळं एकमेकांत इतकं घट्ट बसवलेलं असतं, की सोडवणाऱ्याची मजुरी मालाच्या भावाहून जास्त होते. ही मजुरी वाचवायची असेल, तर ती जिथे सर्वांत स्वस्त आहे, तिथे माल न्यायचा.

इथवर आल्यावर दुरुस्तीची बाजू आपोआप पुण्याची वाटू लागते. मला त्या पुण्याची जरा भीती वाटते. आईच्या पिढीनं बंब झाळून घेतला, चादरींना ठिगळं लावली, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, याचं कौतुक आता निबंधांतून आणि जाहिरातींतून होतं. दुसरा उपाय नव्हता म्हणून ते केलं गेलं. उपाय मिळताच त्याच बायकांनी पितळ मोडीत काढून स्टील घेतलं, आणि बरं केलं. राख आणि नारळाच्या शेंडीनं पितळ घासून बोटांच्या पेरांना पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत; हिवाळ्यात त्यांत चिंचेचं पाणी गेलं की आई हात झटकायची. त्या भेगांवर मला आज पर्यावरणाचं बोधवाक्य लिहायचं नाही.

आणि हे यंत्र तरी कशासाठी जन्मलं? अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल या गावच्या जोसेफिन कॉक्रेन यांना १८८६ साली त्याचं पेटंट मिळालं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते गाजलं. गोष्ट अशी सांगतात, की त्यांच्या किमती चिनी मातीच्या भांड्यांचे टवके नोकरांच्या हातून उडायचे, म्हणून त्यांनी हे यंत्र केलं. म्हणजे हातांना भांड्यांपासून वाचवायचं नव्हतं. भांड्यांना हातांपासून वाचवायचं होतं. सुरुवातीची गिऱ्हाइकंही हॉटेलं. पहिल्या दिवसापासून या यंत्राच्या मागे कुणीतरी तिसरं माणूस उभं आहे.

आमच्याकडेही होतं. २०२० साली टाळेबंदीत आमच्या कामाच्या बाईंना यायला बंदी झाली. आम्ही बंगळुरूला बदली होऊन आलो, तेव्हापासून त्या आमच्याकडे आहेत. मला अक्का म्हणतात, मीही त्यांना अक्काच म्हणते. पगार देत राहिलो, पण भांडी होतीच. त्या वर्षी देशभर डिशवॉशरचा खप एकदम वाढला, त्यातला एक आमचा. त्या परत आल्या, तेव्हा ओट्याखालच्या त्या पांढऱ्या डब्याकडे बघून त्यांनी विचारलं, “आता माझं किती काम उरलं?” मी म्हटलं, पगार तोच. तो तोच राहिला, इतकंच की नंतरची वाढ देताना आमच्या दोघींच्याही मनात तो डबा असायचा. शिवाय खरी कठीण भांडी त्यानं कधी घेतलीच नाहीत. लोखंडी तवा गंजतो, ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडतो, लाकडी पोळपाट फुगतो, कढई मावत नाही. ताटं, वाट्या, पेले यंत्राला. कढई, तवा, कुकर अक्कांना. बंगळुरूच्या बोअरच्या जड पाण्यावर चालायला यंत्राला महिन्याला किलोभर मीठ लागतं. ते न चुकता भरलं जातं. अक्कांच्या हातांसाठी मलमाची बाटली ओट्यावर आली, ती त्यानंतर केव्हातरी.

यंत्र बिघडलं, ते अकरा दिवस सगळी भांडी त्यांनी घासली. रोजचे १५० रुपये जास्त ठरले. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर दुरुस्ती हा तोटाच होता. नवं यंत्र आलं असतं तरी तोटा तोच, पण त्यात निदान जुन्यातलं काही हाती लागलं असतं. त्यांनी मला तसं सरळ विचारलंही: नवं घेतलंत तर याची वरची जाळी मला द्याल का? भांडी निथळायला छान होईल. त्यांच्या घरी नळाला पाणी एक दिवसाआड येतं. ज्या यंत्राच्या नैतिकतेवर मी रात्री जागून विचार करत होते, त्यातला त्यांच्या उपयोगाचा भाग त्यांनी पाच सेकंदांत बाजूला काढला.

तेराव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी एका मेकॅनिकचा नंबर दिला. पन्नाशीचे, चष्म्याला दोरी. दखनी हिंदी बोलणारे. त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. खालचा पत्रा काढला, मीटर लावून हीटर तपासला आणि म्हणाले, “हीटर जिंदा है.” मग दार उघडून त्यातलं सर्किट बाहेर काढलं आणि मला भिंग दिलं. एका काळ्या चौकोनी डबीच्या पायाशी कथलाचा टाका करपून फाटला होता. ती डबी म्हणजे रिले. हीटरचा प्रवाह तो चालू-बंद करतो. दोन किलोवॉटचा हीटर म्हणजे आठ-नऊ अँपिअर प्रवाह. रोज तापणं, रोज निवणं, टाका कधीतरी उकलणारच. म्हणजे १३,८०० रुपयांचा नवा पंप बसवला असता, तरी पाणी गार ते गारच. कंपनीच्या त्या तरुणाला मी खोटारडा म्हणणार नाही. त्याच्या पिशवीत सोल्डरिंग आयर्न नव्हतंच. त्याला भाग बदलायला पाठवलेलं असतं आणि दिवसाला किती घरं उरकली ते मोजलं जातं. टाका बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढा त्याला कुणी दिलेला नाही.

मेकॅनिक सादर पत्रप्पा रस्त्यावर जाऊन रिले घेऊन आले. बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक्सचा सुटा भाग हवा असेल, तर त्याच गल्ल्या. रिलेची किंमत ८० रुपये. जाणं, येणं, टाका काढणं, घालणं, तपासणं मिळून पाच तास. मागितले १,५००.

माझी खरी अडचण इथे सुरू झाली. माझ्या शेवटच्या पगारातला एक दिवस याच्या तिपटीहून जास्त होता, आणि त्या दिवसांतले पुष्कळ दिवस मी सह्या करण्यात घालवले. त्यांनी पाच तासांत असं काही केलं, की जे या इमारतीतल्या दोनशे घरांत कुणाला येत नाही. १,५०० हा त्या कामाचा भाव कसा ठरला? मुलगा जर्मनीत असतो. त्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, आमच्याकडे तंत्रज्ञ दारात आला की नुसत्या येण्याचेच शंभर युरोच्या आसपास होतात. पाच तास कुणी टाका शोधत बसला असता, तर नवं यंत्र स्वस्त पडलं असतं. तिथे दुरुस्ती महाग आहे, कारण दुरुस्त करणाऱ्याला पोट भरेल इतके पैसे द्यावे लागतात. म्हणूनच तिथे तिला कायद्याचा टेकू लागतो. २०२१ च्या मार्चपासून युरोपीय संघात डिशवॉशरचे ठरावीक सुटे भाग सात किंवा दहा वर्षं मिळत राहिले पाहिजेत, असा नियम आहे. दुरुस्तीच्या हक्काचा वेगळा निर्देशही २०२४ साली झाला. आपल्याकडेही डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. चांगलंच आहे. पण आपल्याकडची दुरुस्ती आजवर पोर्टलवाचून जिवंत राहिली, ती कशावर? आपण काटकसरी आहोत, वस्तूवर माया करतो, भारतीय माणूस काही टाकत नाही, असं आपण जगाला सांगतो. माझ्या स्वयंपाकघरात तरी ती जिवंत राहिली ती एका माणसाच्या पाच तासांना १,५०० पडतात म्हणून.

मी स्वतःला विचारलं: त्यांनी ६,००० मागितले असते तर? दिले असते, कुरकुरत. १५,०००? थोडं थांबले असते. २५,०००? दुकानात गेले असते. म्हणजे माझ्या तत्त्वाला छत आहे, आणि ते छत मी बांधलेलं नाही. दुकानातल्या नव्या यंत्रावरची चिठ्ठी ते ठरवते. ती चिठ्ठी जितकी खाली, तितका या माणसाचा तास खाली. आणि ती खाली राहते, कारण खाणीपासून सीलमपूरपर्यंतचा बराच खर्च तिच्यावर लिहिलेलाच नसतो. तो लिहिला गेला आणि यंत्र ९०,०००ला मिळू लागलं, तर मेकॅनिकला न लाजता ८,००० मागता येतील. मात्र तेव्हा आमच्यासारख्या पुष्कळ घरांत यंत्रच नसेल, आणि ताटंही अक्कांकडे जातील. त्यांचे रोजचे १५० तेव्हा कुणी वाढवेल, याची मला खात्री नाही. न्यायाचा एक धागा ओढला, की दुसरीकडे शिवण उसवते, असं हे कापड आहे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात जुन्या वस्तूविषयी वेगळाच प्रश्न विचारतात. मिलिंदप्रश्नात नागसेन भिक्खू राजाला रथाबद्दल विचारतात: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? सुट्या भागांत रथ सापडत नाही. प्रश्न मोठा आहे, पण तो विचारणाऱ्या दोघांपैकी कुणाच्याही हाताला वंगण लागलेलं नाही. रथ दुरुस्त करणाऱ्या सुताराला बोलावलं असतं, तर त्यानं बहुधा आधी विचारलं असतं, की चाकाचे पैसे कोण देणार.

मी ३,००० पुढे केले. त्यांनी मोजले, १,५०० खिशात घातले आणि उरलेले हातातच ठेवून माझ्याकडे बघितलं. “हे कशाचे?” म्हटलं, कामाचेच. ते म्हणाले, “मग खालच्या मजल्यावर काय सांगू? तिथे कोण देणार हे?” शेजारच्या घरात हाच भाव मागितला तर फोन यायचा बंद होईल, हे त्यांना दिसत होतं. मला तोवर दिसलं नव्हतं, की एका घरानं दिलेला जास्तीचा पैसा भाव होत नाही, तो बक्षीस होतो. बक्षीस घ्यायचं की नाही, यावर ते क्षणभर घुटमळले. मग त्यांनी स्वतःच तोड काढली: हे पुढच्या दोन वर्षांच्या सर्व्हिसचे आगाऊ. वहीत तारीख टाकली, माझी सही घेतली. बक्षिसाचं त्यांनी देणं करून टाकलं. आता ते माझे ऋणको आहेत, बँकेच्या भाषेत, आणि मी जरा हलकी झाले, हे लपवत नाही. निघताना मी विचारलं, हे काम शिकायला कुणी येतं का? मुलगा मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो, म्हणाले. त्याला रोजचे रोज मिळतात.

यंत्र चालू आहे. त्या संध्याकाळी ताटं गरम, कोरडी निघाली. अक्कांनी एक ताट उचलून नखानं खरवडून पाहिलं आणि ठीक आहे म्हणून मान हलवली. त्यांचे अकरा दिवसांचे १,६५० रुपये मी त्याच वेळी दिले.

जाळीचं मात्र राहून गेलं होतं. सुटा भाग म्हणून वरची जाळी वेगळी मिळते का, असं मी कंपनीच्या फोनवर विचारलं. मिळते. किंमत ५,८०० रुपये. रिलेच्या सत्तरपट आणि संपूर्ण दुरुस्तीच्या जवळजवळ चौपट, वाकवलेल्या तारेला. अक्कांना आकडा सांगितला, तर त्या इतक्या हसल्या, की त्यांना ओट्याला टेकावं लागलं. रविवारच्या बाजारात प्लॅस्टिकची ३५०ला मिळते, म्हणाल्या, निळी नको, लाल बघेन.